मोरचूद, बोर्डो आणि खेकड्याचं निळं रक्त

तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षाची फळछाटणी सुरू झाली की बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या रोगनाशक फवाऱ्याचीही तयारी होते. मोरचूद एका पिंपात, चुन्याची निवळी दुसऱ्या पिंपात, मग दोन्ही एकत्र. एक टक्का बोर्डोसाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद लागतं आणि त्या किलोत साधारण पाव किलो निव्वळ तांबं असतं. १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षाच्या दावण्या रोगावरचा हा उपाय मांडला, आणि आजही द्राक्षबागायतदाराला तो सोडून चालत नाही. बागेवर फवारलेल्या या तांब्यातलं जे ओढ्यापर्यंत पोचतं, ते तिथल्या खेकड्यांचं आणि झिंग्यांचं काय करतं, हे मात्र आपण फारसं विचारत नाही.

आधी खेकड्याचं रक्त पाहू. आपल्या रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं, खेकड्याच्या हिमोसायनिनमध्ये तांबं. प्राणवायू मिळाला की ते रक्त निळसर दिसतं. या रक्तात प्रतिपिंडं तयार होत नाहीत. गोवर एकदा होऊन गेला की आपलं शरीर त्याला वर्षानुवर्षं ओळखतं, तशी सोय खेकड्याकडे नाही. त्याची सगळी भिस्त रक्तात फिरणाऱ्या पेशींवर. जंतू दिसला की त्या त्याला गिळतात, गिळण्याएवढा लहान नसेल तर घोळक्यानं वेढून कोंडतात, जखम झाली तर रक्त गोठवून भोक बुजवतात.

पेशी जंतूंना गिळून शरीराचं रक्षण करतात, हे माणसाला कळलं त्यातही या प्राण्यांचा मोठा वाटा आहे. १८८४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी डाफ्निया या पाणपिसूच्या पारदर्शक शरीरात बुरशीचे बीजाणू आणि रक्तपेशी यांची झुंज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. डाफ्निया म्हणजे खेकड्या-झिंग्यांचीच कवचधारी भावंडं. १९०८ मध्ये मेचनिकॉव्ह यांना नोबेल मिळालं. रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा एक पाया डबक्यातल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या जिवावर घातला गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रक्तपेशींकडे आणखी एक हत्यार असतं. जंतूच्या भिंतीतला अंश जाणवला की त्या एक विकर (एन्झाइम) बाहेर सोडतात. ते आधी निद्रिस्त असतं, मग एकेक पायरी चढत जागं होतं. जागं झालं की त्याला फिनॉलऑक्सिडेज म्हणतात. त्यातून काळं मेलॅनिन तयार होतं, जंतू त्यात अडकतात, आणि ते बनत असताना निर्माण होणारी रसायनं त्यांना मारतात. खेकड्याच्या कवचावरच्या जखमेभोवती काळा डाग दिसतो तो यामुळेच. आणि हे विकर चालतंही तांब्यावरच. म्हणजे श्वासाला तांबं, संरक्षणालाही तांबं.

मग जास्तीचं तांबं बाधतं कसं? बांधलेलं तांबं आणि मोकळं तांबं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रथिनात घट्ट बसलेला अणू काम करतो. मोकळा अणू पेशीत शिरला की अतिक्रियाशील ऑक्सिजन रेणू तयार करत सुटतो. पेशीचं आवरण फाटतं, डीएनए दुखावतो आणि रक्तपेशी मरू लागतात. कल्ल्यांमधली मीठ आत ओढणारी यंत्रणाही तांब्यामुळे मंदावते. गोड्या पाण्यातल्या खेकड्याला शरीरातलं मीठ टिकवायला सतत कष्ट पडतातच, त्यात ही भर. जादा धातू बांधून ठेवायला त्याच्याकडे मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिनं आहेत, पण ती बनवायला ताकद खर्च होते. ती ताकद प्रतिकारासाठी उरत नाही.

तैवानमधल्या संशोधकांनी गोड्या पाण्यातला मोठा झिंगा घेऊन त्याला मोरचूद घातलेल्या पाण्यात ठेवलं आणि लॅक्टोकॉकस जीवाणूचा संसर्ग दिला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात तांब्याच्या पाण्यातले झिंगे संसर्गाला लवकर बळी पडले. पुढे २००४ मध्ये खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या कोळंबीवर व्हिब्रिओ जीवाणू वापरून केलेल्या प्रयोगातही तसंच आढळलं. अशा प्रयोगांत वापरलेली मात्रा ओढ्यातल्या पाण्यापेक्षा बहुधा जास्त असते, हे लक्षात ठेवूनच ते वाचायला हवेत.

कॅडमियम या विषारी धातूची तऱ्हा वेगळी. काही फॉस्फेट खतांत ते अशुद्धी म्हणून येतं. त्याचा आयन आकारानं कॅल्शियमसारखा असल्यामुळे तो कॅल्शियमच्याच वाटेनं कल्ल्यांतून आत घुसतो. कात टाकलेल्या खेकड्याचं अंग मऊ असतं, नवं कवच कडक करायला त्याला कॅल्शियम हवंच असतं. जंतूंचा धोका सर्वांत जास्त असतो त्याच दिवसांत कॅडमियमचं दारही उघडं असतं. ते पुढे साठतं पोटातल्या पिवळ्या गरात. कारखान्याच्या नाल्याखाली धरलेल्या खेकड्यांचा तो गर रश्शात न घातलेलाच बरा.

काळ्या जमिनीतली चिकणमाती तांब्याला घट्ट धरते, त्यामुळे फवारलेलं बहुतेक तांबं बागेतच राहतं. पण वळवाच्या पावसात हीच माती वाहून अग्रणी, येरळा या नद्यांना येते. खेकडा राहतो गाळाकाठच्या बिळात आणि खातो गाळावरचा कुजका पाला. नुसतं पाणी तपासून त्याचा धोका समजत नाही. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार, दुसरा स्रोतच नसेल तर, लिटरमागे १.५ मिलिग्रॅम म्हणजे १५०० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं चालतं. मृदू पाण्यातल्या डाफ्निया शंभर मायक्रोग्रॅमच्या आतही दोन दिवसांत मरतात.

उन्हाळ्यात कृष्णेत मासे मरून तरंगले की गाव नदीवर लोटतो, नमुने घेतले जातात, बातमी होते. प्रतिकारशक्ती गेलेला खेकडा बिळात साध्या जंतूनं मरतो. त्याची नोंद रोगाच्या खात्यावरही होत नाही आणि धातूच्याही नाही. म्हणून मेलेले प्राणी मोजून भागणार नाही, जिवंत प्राण्याचं रक्त तपासायला हवं.

हे काम सांगली, कराडच्या कोणत्याही प्राणिशास्त्र विभागाला जमण्यासारखं आहे. पायाच्या सांध्यातून सुईनं थोडं रक्त घ्यायचं, ते लगेच गोठतं म्हणून सायट्रेटचं द्रावण सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवायचं, आणि मोजणीच्या काचपट्टीवर पेशी मोजायच्या. कात टाकण्याच्या आगेमागे पेशींची संख्या आपोआपच बदलते, म्हणून सारख्या अवस्थेतले खेकडेच एकमेकांशी ताडायचे. एकाच ओढ्यावर बागांच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, छाटणीच्या आधी आणि नंतर, गाळातल्या तांब्याच्या मोजणीसह. आपल्या खेकड्यांची पिल्लं समुद्रात जात नाहीत, मादीच्या पोटाखालीच वाढतात आणि आसपासच पांगतात. त्यामुळे एखाद्या ओढ्यातल्या खेकड्यांच्या रक्तात जे दिसेल, ते त्याच ओढ्याचं असेल.