मऊ प्रकाश म्हणजे मंद प्रकाश नव्हे

हाताने बनवलेल्या वस्तूंचे फोटो स्वतः काढायला लागलात की एक सल्ला हमखास मिळतो: 'लाइट सॉफ्ट ठेवा.' ऐकणारा मग काय करतो? दिवा लांब सरकवतो, व्होल्टेज उतरल्यासारखा मिणमिणता करतो, नाहीतर संध्याकाळ व्हायची वाट बघत बसतो. फोटो काळपट येतो, दाणेदार येतो, आणि कानातल्याखालची सावली मात्र होती तशीच धारदार. तरीही पुढच्याला सल्ला तोच.

मंद प्रकाश कुणाला समजावून सांगायला नको. प्रकाश कमी पडला की फोन आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, म्हणून दाणे दिसतात आणि हात जरा हलला तरी फोटो हलतो. ट्रायपॉड लावा किंवा प्रकाश वाढवा. विषय संपला.

मऊपणाचा प्रखरतेशी संबंधच नाही. प्रकाश जिथून येतो ती जागा वस्तूच्या ठिकाणावरून बघितली तर किती मोठी दिसते, एवढ्यावरच तो ठरतो. उगम छोटा असेल तर सावलीच्या कडेला दिवा एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण झाकला जातो, म्हणून कड स्पष्ट. उगम मोठा असेल तर कडेच्या पट्ट्यात त्याचा थोडा भाग दिसतो, थोडा झाकलेला असतो, आणि सावली हळूहळू विरत जाते.

सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. पण तो साधारण १५ कोटी किलोमीटर लांब असल्यामुळे आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणून दुपारचं ऊन कडक. ढग भरून आले की अख्खं आकाशच दिवा बनतं. ढगाळ दुपारी फोटोला पुरून उरेल इतका प्रकाश असतो, आणि तरीही तो मऊ असतो.

आता दिवा लांब नेण्याचं बघा. अंतर दुप्पट केलं की छोट्या दिव्याचा प्रकाश चौथाईवर येतो आणि त्याचा दिसणारा आकार निम्मा होतो. म्हणजे प्रकाश मंदही झाला आणि आणखी कडकही. करायचं होतं नेमकं उलटं: उगम मोठा करा आणि फोटोच्या चौकटीत येणार नाही इतपत जवळ आणा. खिडकीचंही तसंच. थेट ऊन येत नसेल तर टेबल खिडकीला खेटून लावा, खोलीच्या मध्यात नको. (आणि खोलीतली ट्यूब बंद करा, दोन रंगांचा प्रकाश नंतर निस्तरत बसावा लागतो.)

बटर पेपर दिव्यालाच चिकटवणारेही पुष्कळ. त्याने प्रकाश घटतो, उगमाचा आकार जवळपास तेवढाच राहतो. तोच कागद मोठ्या चौकटीवर ताणून वस्तूजवळ उभा करा आणि दिवा मागे इतका न्या, की कागद कडेपर्यंत उजळेल. आता उगम दिवा नाही, कागद आहे.

दिव्याच्या विरुद्ध बाजूने थर्मोकोलचा पांढरा तुकडा लावला की सावली फिकट होते. ते करावंच, पण कड तेवढीच धारदार राहते. सावली किती गडद आणि तिची कड किती तीव्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेबलावर पेन उभं धरा आणि कड बघा. मऊपणा तिथे कळतो.

हा गोंधळ सगळ्यात महागात पडतो तो चकचकीत वस्तूंना. चांदी, रेझिन, झिलईची मातीची भांडी यांच्यात खुद्द दिव्याचंच प्रतिबिंब दिसतं. छोट्या दिव्याचा डोळ्यात खुपणारा पांढरा ठिपका दिवा मंद करून जात नाही, कारण फोटो उजळ करायला एक्स्पोजर वाढवलं की तो वस्तूबरोबर परत उजळतो. मोठ्या उगमाचा मात्र रुंद, सौम्य पट्टा पडतो आणि गोलाई कळते.

चहूबाजूंनी एलईडी पट्ट्या लावलेल्या त्या पांढऱ्या डब्यांवर माझा राग आहे. प्रकाश मऊ असतो, पण सगळीकडून सारखाच येतो, आणि कोरीव लाकूडसुद्धा छापील चित्रासारखं सपाट दिसतं. एकाच बाजूची खिडकी मी कधीही पसंत करीन. ॲपमधल्या 'सॉफ्ट' फिल्टरबद्दल तर बोलायलाच नको. तो कापडावरचा टाका पुसून टाकतो, आणि गिऱ्हाईक टाका बघूनच पैसे देतं. उलट, भरतकामाला किंवा जाड विणीला बाजूने तिरपा येणारा थोडा कडक प्रकाशच शोभतो.

एक मात्र ध्यानात ठेवा: झुमक्याला वहीएवढा ट्रेसिंग पेपर पुरतो. तीच मांडणी भिंतीवर टांगायच्या मोठ्या विणकामाला लावलीत, तर सगळीकडे उजेड पोचावा म्हणून ती मागे न्यावी लागेल, आणि तेवढ्या अंतरावरून तो कागद पुन्हा छोटा, कडक दिवा ठरेल. तिथे पांढरी चादर ताणा.