नृत्यशिक्षण, खानदेशातील

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत नृत्य कोणाला, कोणत्या वयात व कोणत्या क्रमाने शिकवले जाते, याचा विचार या नोंदीत केला आहे. भुलाबाईच्या टिपऱ्या, फुगड्या, कानबाईच्या मिरवणुकीतील नाच हे घरच्या बायकांत मिसळून आपोआप येतात. ते वगळले आहेत. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतील घोडेबाजारात घोड्यांच्या नृत्याच्या स्पर्धा होतात आणि त्या नृत्याचेही शिक्षण बरेच कडक असते, पण तो विषय अश्वविद्येचा.

खानदेशात नृत्यशिक्षणाच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. एकीत शिकण्याचा काळ सण, व्रत व हंगाम ठरवतात. शिकणाऱ्याचे वय कोणी विचारत नाही. दुसरीत वय, इयत्ता व परीक्षा यांच्या पायऱ्या असतात. शहरांतले आजचे नृत्यवर्ग पहिलीतूनच वाढत आले, अशी मांडणी अधूनमधून केली जाते. तमाशाचे फड आणि गणेशोत्सवातील मेळे ही त्यातली मधली कडी मानतात. या मांडणीला आधार थोडकाच आहे. वर्गांची रचना, त्यांतील पाठांचा क्रम व त्यांची भाषा पाहता त्यांचे मूळ परीक्षा मंडळांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिल्या तऱ्हेचे ठळक उदाहरण अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीचे आहे. होळीत नाचणारे बावा व बुध्या काही दिवस आधीपासून व्रत पाळतात. या व्रताला ‘पालनी’ म्हणतात. खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे, ब्रह्मचर्य पाळायचे असे त्याचे नियम आहेत. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू असा वेश असतो. नृत्याचा स्वतंत्र सराव म्हणून कोणी घेत नाही. मुलगा बापामागे किंवा काकामागे रिंगणात शिरतो आणि मोठ्या ढोलाच्या ठोक्यावर पाऊल टाकू लागतो. चुकला तर मागचा त्याला खांद्याला धरून पुढे ढकलतो, एवढीच दुरुस्ती. भोपळ्यांचा आवाज ढोलाशी जुळला की शिकणे झाले असे समजतात. ते कोणत्या वयात जुळावे याला मर्यादा नाही.

या होळीच्या प्राचीनतेविषयी एकवाक्यता नाही. ती तेराव्या शतकापासून चालत आल्याचे वृत्तपत्रांतून वारंवार लिहिले जाते आणि ते मत स्थानिक पातळीवर रूढ आहे. काठी हे पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी, म्हणजे डोंगरी भागातील लहान संस्थानांपैकी, एक. चिखली, नाला, सिंगपूर, नवलपूर व गव्हाळी ही इतर. या संस्थानांची माहिती १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आलेली आहे. मात्र संस्थानिक घराण्याची वंशावळ आणि होळीचा विधी यांची वये एकच धरणे धोक्याचे आहे. घराण्याने होळीला राजमान्यता दिली असेल तर ती तारीख मान्यतेची ठरते. मोरपिसांचा टोप, राख व भोपळे यांचा वेश सातपुड्यात काठीच्या सीमेबाहेरही, गुजरात व मध्य प्रदेशाच्या भिल्ल मुलखात आढळतो. यावरून विधी संस्थानाहून जुना असावा असे मानण्याकडे कल होतो. त्याला साल देण्याचा मोह टाळलेला बरा.

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेव या आदिवासी दैवताच्या उत्सवात पावरी या फुंकवाद्याच्या सुरावर रात्रभर फेर धरतात. तेथेही शिक्षण व्रताच्या काळापुरतेच असते.

तमाशाच्या फडात शिकण्याची रीत वेगळी (पहा : तमाशा). खानदेशातील फड व नंदुरबार भागातील सोंगाड्या पार्ट्या यांत स्त्रीपात्रे पुरुषांनी करण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली. फडात आलेला पोऱ्या आधी मागे उभा राहून झील धरतो म्हणजे गाणाऱ्याला साथीचा सूर देतो, सामान उचलतो, मग गवळणीत एखाद्या गौळणीच्या जागी उभा केला जातो. ढोलकीवाला हाच त्याचा खरा गुरू, कारण पाय चुकला की तोड, म्हणजे ढोलकीचा ठेवणीतला तुकडा, तिथेच फसते आणि प्रेक्षकांच्या आधी ढोलकीवाल्याला ते कळते. हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन चैत्र-वैशाखातील यात्रांपर्यंत चालतो. धुळ्याच्या एकवीरा देवीची यात्रा, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा या त्या भागातील मोठ्या यात्रा. पावसाळ्यात फड बसलेला असतो आणि शिकणेही थांबते.

दुसऱ्या तऱ्हेचा उगम खानदेशाबाहेरचा आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या शिष्यांनी पुढे १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. मंडळाच्या परीक्षा प्रथम गायन-वादनाच्या होत्या, नृत्य नंतर आले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद व अलंकार ही उतरंड आज जळगावच्या किंवा धुळ्याच्या नृत्यवर्गात शाळेच्या इयत्तांइतकीच परिचित आहे. परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. जळगावला संगीताची पार्श्वभूमी जुनी आहे; बालगंधर्वांचे बालपणीचे संगीतशिक्षण येथेच मेहबूब खान यांच्याकडे सुरू झाले. बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आणि दर जानेवारीतील बालगंधर्व संगीत महोत्सव यांमुळे कथकचे नामवंत कलाकार शहरात पाहायला मिळतात. वर्गांतील कथक मात्र बहुतांशी पुण्याच्या वाटेने आले असावे. रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती ही संस्था काढल्यावर महाराष्ट्रात कथकच्या अध्यापनाला जे वळण लागले, त्याची छाप येथील पाठांवर दिसते. भरतनाट्यम्‌चे वर्ग त्यानंतरचे.

प्रारंभिकच्या विद्यार्थिनीला पहिले काही महिने तत्कारच, म्हणजे तालाचे बोल पायांनी वाजवण्याचा पाठ, करावा लागतो. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे आठ मात्रांचे बोल दोनदा म्हटले की तीनतालाच्या सोळा मात्रा भरतात. पहिल्या चार मात्रांत उजवा पाय आधी, पुढच्या चारांत डावा. ठाय म्हणजे संथ लयीत हे सोपे वाटते. दुगुनीत म्हणजे दुप्पट लयीत गेल्यावर ‘आ’वर पाय बदलायचा राहतो व मुलगी उजव्याच पायाने पुढे जाते. शिकवणाऱ्या ताई टाळी थांबवत नाहीत, मुलीने स्वतःच पाय पकडायचा असतो. घुंगरू सुती दोरीत गाठ मारून एकेक ओवलेले, लहान मुलींना प्रत्येक पायात पंचवीस-पन्नास, पुढे शंभर व त्याहून अधिक. वजन वाढवण्याची घाई पालकांना असते, शिक्षकांना नसते. पढंत, म्हणजे हाताने ताल धरून बोल म्हणणे, हे परीक्षेत हमखास विचारले जाते आणि नाचणाऱ्या मुली सर्वांत जास्त तिथेच अडतात.

दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण देण्याचे धोरण शासनाने २०१७ मध्ये लागू केल्यानंतर आठवी-नववीत नव्याने येणाऱ्यांची संख्या वाढल्याचे शिक्षक सांगतात. हे विद्यार्थी दहावीनंतर बहुधा थांबतात. विशारदपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे वाढले असे दिसत नाही.

वय व पायरी यांची सांगड सर्वांत आधी आणि सर्वांत रेखीव रीतीने घातली गेली ती बॅलेमध्ये. त्या परंपरेचा येथे थोडा विस्ताराने उल्लेख करण्याचे कारण असे, की खानदेशातील ‘वेस्टर्न’ व ‘कंटेम्पररी’ या नावांनी चालणाऱ्या बॅचमध्ये सुरुवातीचा व्यायाम व पायांच्या जागा तिथूनच, अनेक हातांतून फिरून आलेल्या असतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ मध्ये तेरा नृत्यशिक्षकांची राजअकादमी स्थापन केली. पॅरिस ऑपेराची नृत्यशाळा १७१३ची, सेंट पीटर्सबर्गची १७३८ची. बॅलेतील पायांच्या पाच मूलभूत स्थिती लुईच्या दरबारातील नृत्यशिक्षक पिअर बोशाँ याने बसवल्या, हे मत सर्वत्र उद्धृत होते. त्याचा आधार मुख्यतः रामो या नृत्यशिक्षकाचे १७२५ मधील विधान हा आहे, म्हणजे बोशाँच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी केलेले. बोशाँचे स्वतःचे लेखन उपलब्ध नाही. त्याचे जन्मसालही जुन्या ग्रंथांत १६३६ व अलीकडील संशोधनात १६३१ असे दिले जाते. फय्ये याने १७०० मध्ये नृत्यलेखनाची पद्धत छापली तेव्हा ती आपली असल्याचा दावा बोशाँने १७०४ मध्ये राजदरबारी केला, परंतु निकाल त्याच्या बाजूने लागला नाही. पाच स्थितींबद्दल त्याने असाच दावा केला होता का, हे कळण्यास साधन नाही. दुसरीकडे, १५८९ मध्ये आर्बो या फ्रेंच लेखकाने पायांच्या ज्या ठेवणी वर्णिल्या आहेत त्यांत बाहेर वळवलेल्या पावलांची कल्पना बीजरूपाने आहे. तेव्हा बोशाँला या स्थितींचा जनक म्हणण्याऐवजी संहिताकार म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पाऊल बाहेर वळवायचे ते खुब्याच्या सांध्यातून, गुडघ्यातून नव्हे, हा बॅलेच्या शिक्षणाचा गाभा आहे. लहान वयात हाडे घडत असताना ही जबरदस्ती झाली तर गुडघा व घोटा दुखावतो. म्हणूनच पायऱ्या वयाला बांधल्या गेल्या. लंडनची रॉयल अकादमी ऑफ डान्स (स्थापना १९२०) पाचव्या वर्षापासून परीक्षा घेते. बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे शिक्षण ती इंटरमीजिएट फाउंडेशन या टप्प्यावर आणते व त्यासाठी किमान अकरा वर्षे वयाची अट आहे. रशियात अग्रिपिना वागानोवा (१८७९–१९५१) हिने घडवलेल्या पद्धतीत मुले दहाव्या वर्षाच्या आसपास शाळेत घेतली जातात व अभ्यासक्रम आठ वर्षांचा असतो. वय झालेल्यांचा विचार त्या मानाने फार उशिरा झाला. पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींसाठी रॉयल अकादमीने स्वतंत्र वर्ग आखले ते २०१७ मध्ये. भारतात उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रापासून (स्थापनेचे साल १९३८ ते १९४० असे वेगवेगळे दिले जाते) नृत्यनाट्यालाही बॅले म्हणण्याची रूढी पडली. पाश्चात्त्य बॅलेचे नियमित शिक्षण मुंबईत स्कूल ऑफ क्लासिकल बॅले अँड वेस्टर्न डान्स या संस्थेत १९६६ पासून सुरू झाले. खानदेशात या शिक्षणाचा विस्तार तुरळक आहे. मुंबई-पुण्यात शिबिर करून आलेले तरुण शिक्षक खिडकीच्या गजाला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून गुडघे वाकवण्याचे पाठ घेतात; परीक्षांशी त्याचा संबंध क्वचित येतो.

जमिनीचा प्रश्न दोन्ही प्रकारांना सारखाच भेडसावतो. बॅलेला खालून लवचीक अशी लाकडी जमीन लागते. कथकला कठीण पण गुळगुळीत पृष्ठाची जमीन चालते, आणि सारवलेली जमीन सर्वांत बरी. वर्ग प्रत्यक्षात भरतात ते शहाबादी फरशीवर, गच्चीवर किंवा मंगल कार्यालयाच्या टाइल्सवर. नडगी दुखण्याच्या तक्रारी यातूनच येतात. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. सकाळी सहाला सुरू झालेला वर्ग आठच्या आत आटोपावा लागतो, आणि गांधर्व मंडळाच्या परीक्षांचे पहिले सत्रही नेमके याच काळात येते.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (स्थापना १५ ऑगस्ट १९९०, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव) दरवर्षी ‘युवारंग’ हा युवक महोत्सव भरवते. तेथे शास्त्रीय नृत्य व समूह लोकनृत्य अशा स्वतंत्र स्पर्धा असतात. खानदेशातील नृत्यशिक्षणाच्या दोन तऱ्हा एका मंचावर येतात त्या येथेच. आंतरविद्यापीठीय स्पर्धांत समूहनृत्याला दहा नर्तक व दहा मिनिटे अशी मर्यादा असल्यामुळे काठीचे रिंगण कापून अर्धगोल करावे लागते, तोंड परीक्षकांकडे ठेवावे लागते. रात्रभर एकाच ठोक्यावर चालणाऱ्या नृत्यात चार-पाच ‘फॉर्मेशन’ बसवली जातात. शहरी मुलांना हे नृत्य शिकवण्यासाठी सातपुड्यातील मुले बोलावली जातात, तेव्हा त्यांना शिकवण्यासारखे काय आहे हेच प्रथम कळत नाही. या बदलाला विकृती म्हणणारे आहेत. मात्र मंचावरचे रूप वेगळे व रिंगणातले वेगळे असे धरून दोन्हींची स्वतंत्र नोंद ठेवणे अभ्यासाच्या दृष्टीने सोयीचे.

प्रौढांच्या शिक्षणाविषयी लिखित साहित्य फारसे नाही. परीक्षांना वयाची वरची मर्यादा नसल्याने मुलीला वर्गाला सोडायला येणाऱ्या आईने स्वतः प्रारंभिकचा अर्ज भरल्याची उदाहरणे घडतात. कथकच्या वर्गात मुलगे कमी; ते ‘वेस्टर्न’च्या बॅचमध्ये जातात. नंदुरबार, शहादा या गुजरातलगतच्या भागांत नवरात्राआधी महिनाभर गरब्याची शिबिरे चालतात व त्यांत सहा वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत सगळे एका रांगेत असतात. दसऱ्यानंतर त्याच सभागृहांत नोव्हेंबर-डिसेंबरच्या परीक्षेची तयारी सुरू होते.