नव्या विज्ञानातील कथेची जागा

कर्करोगावरील कार-टी उपचार घेतलेल्या रुग्णाला पुढचे काही दिवस रोज एक वाक्य कागदावर लिहायला सांगतात. वाक्य अगदी साधे असते. पण अक्षर वेडेवाकडे होऊ लागले, ओळ खाली घसरू लागली किंवा शब्द अर्धवट सुटू लागले, तर उपचाराचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचत असल्याचा तो इशारा मानला जातो. जनुके बदललेल्या पेशी शरीरात सोडणाऱ्या इतक्या प्रगत उपचारात रुग्णाच्या उशाशी वही आणि पेन असावे लागते, हे प्रथम वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. विज्ञानकथेसाठी महिनोन्महिने शोधूनही न सापडणारी गोष्ट त्या एका तपशिलात होती.

विज्ञानकथा लिहू पाहणारे आम्ही काही जण ठाण्यात, नौपाड्यातील एका घरी महिन्यातून एकदा जमतो. नवोदितांच्या कथा ऐकताना एक गोष्ट वारंवार जाणवते. विषय ताजा असतो, वाचनही भरपूर झालेले असते, पण सगळा भर नवे तंत्र काय काय करू शकते यावर असतो आणि त्या सामर्थ्याचे वर्णन आटोपले की कथाही आटोपते. माझे मत असे झाले आहे की कथेचे बीज तंत्राच्या मर्यादेजवळ शोधावे. ते तंत्र कशाने मोजले जाते, कुठे चुकते, किती वेळ घेते आणि त्याचा भार कोणाच्या शरीरावर, भाषेवर किंवा खिशावर पडतो, हे प्रश्न विचारले की पात्रे आपोआप समोर येऊ लागतात. म्हणूनच शोधनिबंधाचा सारांश भरभर वाचला तरी चालेल, परंतु पद्धतीचा आणि मर्यादांचा भाग कथाकाराने सावकाश वाचावा असे मी आग्रहाने सांगतो.

कार-टीचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या अगदी शेजारचे आहे. भारतात विकसित झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराचे काम पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून केले. टाटा स्मारकचे खारघर येथील संशोधन केंद्र त्यात महत्त्वाचे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला देशाच्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढायच्या, निकामी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घालायचे, त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि पुन्हा रुग्णाच्या शिरेतून आत सोडायच्या, असे या उपचाराचे स्वरूप आहे. नव्या जनुकामुळे टी पेशींच्या पृष्ठभागावर एक संवेदक तयार होतो आणि सीडी१९ हे प्रथिन अंगावर वागवणाऱ्या बी पेशी त्यांना ओळखता येतात. रक्ताच्या काही कर्करोगांत याच बी पेशी बेफाम वाढलेल्या असतात.

आता मर्यादांकडे पाहावे. सीडी१९ निरोगी बी पेशींवरही असते, त्यामुळे कर्करोगाबरोबर त्याही मारल्या जातात आणि शरीराची प्रतिपिंडे तयार करण्याची क्षमता घटते. टी पेशी जोमाने कामाला लागल्या की त्या आणि इतर पेशी मिळून इतकी संदेशक रसायने रक्तात सोडतात की रुग्णाला तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरू शकतो. खोलीबाहेर बसलेल्या घरच्या माणसांच्या दृष्टीने तापमापकावरचा तो आकडा भीतीचा असतो आणि पेशी जाग्या झाल्याची खूणही असते. त्यानंतर काही रुग्णांत मेंदूवरचा परिणाम दिसतो, जो बहुधा तात्पुरता असतो, आणि तिथे ते रोजचे वाक्य उपयोगी पडते. आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. अमेरिकेत २०१० मध्ये हा उपचार घेतलेल्या दोन रुग्णांच्या शरीरात दहा वर्षांनंतरही त्या बदललेल्या पेशी जिवंत आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेऊन संपले, असे इथे म्हणता येत नाही. ते माणसाबरोबर वय वाढवत राहते.

आमच्या बैठकीतील एका तरुण लेखिकेने या विषयावर कथा लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यात विषाणू जनुक कसे वाहून नेतो याचे दीड पान होते. ते दोन ओळींवर आणावे, असे आम्ही सुचवले. तिची रुग्ण पनवेलजवळच्या एका शाळेतील निवृत्त शिक्षिका आहे, जिच्या वळणदार अक्षराची गावभर ख्याती होती. त्या बाईंनी रोज कोणते वाक्य लिहावे, यावर आम्ही तासभर बोललो. शेवटी लेखिकेनेच ठरवले की त्यांनी तीस वर्षे फळ्यावर ज्या ओळीने सकाळची सुरुवात केली, तीच ओळ त्या लिहितील. कागद गोळा करणारी मुलगी चौथ्या दिवशीच्या कागदावरील ‘र’ पाहून परिचारिकेला हाक मारते. एका अक्षराच्या वळणात विज्ञान आणि माणूस दोन्ही मावले, तेव्हा ती कथा उभी राहिली.

दुसरे क्षेत्र मेंदू आणि संगणक यांच्या जोडणीचे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या ऱ्हासामुळे स्पष्ट बोलणे गमावलेल्या एका महिलेच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवले होते. ती बोलण्याचा प्रयत्न करी, संगणक मेंदूतील संकेतांवरून तिला अभिप्रेत असलेले ध्वनी ओळखे आणि त्यांतून शब्द जुळवी. मिनिटाला ६२ शब्दांचा वेग साधला गेला. सहज संभाषणात आपण साधारण १६० शब्द बोलतो. सव्वा लाख शब्दांचा संग्रह खुला ठेवला तेव्हा जवळजवळ दर चार शब्दांत एक शब्द चुकत होता.

मला यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती संगणकाने ध्वनींतून शब्द निवडण्याची रीत. मेंदूतून आलेले संकेत अस्पष्ट असतात, म्हणून भाषेत एरवी कोणता शब्द कोणत्या शब्दामागे येतो याच्या अंदाजाने भाषा मॉडेल रिकाम्या जागा भरते. म्हणजे ते अधिक संभवनीय वाक्याकडे झुकते. तो प्रयोग इंग्रजीच्या ३९ ध्वनींवर आधारलेला होता. त्यांत आपला ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. मराठीसाठी असे यंत्र करायचे तर नवे ध्वनी शिकवावे लागतील, आणि ते करताना कोणाची मराठी शिकवायची हा प्रश्न उभा राहील.

घणसोली, दिवा, कोपरखैरणे या मूळच्या आगरी-कोळ्यांच्या गावांत आजही ज्येष्ठ माणसे ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणतात. समजा, वर्तमानपत्रांच्या आणि पुस्तकांच्या मराठीवर वाढलेले भाषा मॉडेल अशा एका आजीच्या मेंदूला जोडले. ती मनापासून ‘म्हावरा’, म्हणजे मासळी, म्हणू पाहते आणि पडद्यावर ‘भोवरा’ उमटतो, कारण मॉडेलच्या वाचनात म्हावरा कधी आलेलाच नसतो. हळूहळू यंत्र सुधारते, तिची सगळी वाक्ये व्याकरणशुद्ध उमटू लागतात, नातवंडे आनंदतात, आणि आजी मात्र बोलण्याचा प्रयत्न करणे कमी करते. आजवरचे संशोधन आणि ही कल्पना यांत फक्त एक पाऊल अंतर आहे. कथाकाराने एका कथेत असे एकच गृहीत धरावे आणि बाकी सारे जगाच्या नियमांवर सोडावे, असे मला वाटते.

या नियमांत अंकगणितही येते, आणि त्याची हेळसांड मला सहन होत नाही. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शीळफाटा हा बोगदा २१ किलोमीटरचा असून त्यातील ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. एका कथेत या टप्प्यात दोन भाऊ दीर्घ भांडण करून समेटही करत होते. ताशी ३२० किलोमीटरच्या पूर्ण वेगाने हे अंतर ७९ सेकंदांत संपते. वेग निम्मा धरला तरी तीन मिनिटे पुरी होत नाहीत. लेखकाने गणित करून प्रसंग बदलला आणि आता त्या भावांमध्ये फक्त एक वाक्य बोलले जाते.

शेवटचे उदाहरण साठवणुकीचे आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे एकेकाळी रसायनांचे कारखाने होते, तिथे आता ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा केंद्रे उभी राहिली आहेत. तिथे वापरलेली वीज अखेर जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते आणि ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. या पार्श्वभूमीवर डीएनएमध्ये माहिती साठवण्याचे संशोधन लक्ष वेधून घेते. ए, टी, जी, सी या चार घटकांच्या क्रमात शून्य-एकची भाषा लिहिता येते, आणि २०१७ मधील एका प्रयोगाच्या हिशेबाने एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट, म्हणजे साडेएकवीस कोटी गिगाबाइट माहिती मावू शकते. जपून ठेवायला वीज जवळजवळ लागत नाही. पण लिहिणे संथ आणि महाग आहे, वाचायचे तर रेणूंच्या प्रती काढाव्या लागतात आणि प्रती काढताना चुका शिरतात. शिवाय पाणी आणि उष्णता डीएनए तोडतात. न्यूझीलंडमधील मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार, सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमानात ठरावीक लांबीचे डीएनए ५२१ वर्षांत निम्मे उरते. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीत मात्र वीस लाख वर्षांपूर्वीचे तुकडे वाचता आले. खाडीकाठच्या दमट उन्हाळ्यात ठेवलेल्या कुपीचे काय होईल, हे यावरून लेखकाने स्वतः ताडावे.

या विषयावर कथा लिहिताना मी एका ठिकाणी अडलो आहे. ठाण्यात १७८७ मध्ये जमिनीत शिलाहार राजा अरिकेसरी याचे ताम्रपट सापडले. त्यावर शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७ चा उल्लेख आहे. पावणेआठशे वर्षांनंतरही ते वाचता आले, कारण लिपी बदलली असली तरी संस्कृत जाणणारे पंडित जिवंत होते. माझ्या कथेतील कुपी तितक्याच वर्षांनी कोणाच्या हाती लागेल, तेव्हा त्या चार अक्षरांच्या क्रमातून शब्द कसे काढायचे याची किल्ली डीएनएमध्येच लिहून चालणार नाही. ती कुपीसोबत दुसऱ्या कशावर तरी कोरून ठेवावी लागेल. सध्याच्या खर्ड्यात माझी नायिका त्यासाठी ठाण्यातील तांबटाकडे जाते आणि पत्रा किती जाड हवा, हे तो तिला विचारतो.