पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोहोचतं?

लंडनहून न्यूयॉर्कला साधारण आठ तास, परतताना सातच. अंतर तेच, सुमारे ५,५५० किलोमीटर. मग कुणीतरी ठासून सांगतं, ‘पृथ्वी फिरते ना!’ पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते. शिवाय पृथ्वी फिरते पूर्वेकडे; हा तर्क खरा असता तर न्यूयॉर्कच विमानाकडे सरकलं असतं, म्हणजे उलटाच हिशेब! करामत जेट स्ट्रीमची: दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारे जोरदार वारे. (त्यांना दिशा देण्यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे.) फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं. जमिनीच्या हिशेबात वेग ताशी १,३०० किलोमीटरवर गेला. भोवतालच्या हवेच्या तुलनेत मात्र ध्वनीपेक्षा कमीच.