जी. आय. बिल आणि लॅनहॅम कायदा: शिक्षण कुणी दिलं, छप्पर कुणी?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आवारात पत्र्याची अर्धगोल क्वॉन्सेट घरं, लाकडी बराकी आणि ट्रेलर (चाकांवरची घरं) यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. आघाडीवरून परतलेले सैनिक बायकामुलांसह तिथे राहून शिकले. ही घरं जी. आय. बिलाने, म्हणजे परतलेल्या सैनिकांना सवलती देणाऱ्या कायद्याने, दिली असं सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं नाही. त्या बिलाने सैनिकाला कॉलेजात पाठवलं. घरं आली मुख्यतः लॅनहॅम कायद्यातून.

जी. आय. बिलावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केली. लाभ सैनिकाच्या स्वतःच्या नावाने होता. वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी सरकार भरणार, शिवाय दरमहा निर्वाहभत्ता: सुरुवातीला एकट्याला ५०, कुटुंबवाल्याला ७५ डॉलर, १९४५च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनंतर ६५ आणि ९०. या कायद्यात घराचंही कलम होतं आणि घोळ बहुधा तिथेच होतो. ती फक्त घरकर्जाला सरकारची हमी होती. कर्ज द्यायचं बँकेने, आणि बँका कृष्णवर्णीयांना ते नाकारत, त्यामुळे असंख्य कृष्णवर्णीय सैनिकांच्या हाती त्यातलं काहीच पडलं नाही. आणि ज्याला उद्यापासून वर्गात बसायचंय, लेकरू कडेवर आहे, त्याला आज डोकं टेकायला जागा त्या कलमात नव्हतीच.

लॅनहॅम कायदा त्याआधीचा, १९४०चा. अमेरिकी संसदेतले (काँग्रेसमधले) टेक्सासचे सदस्य फ्रिट्झ लॅनहॅम यांचं नाव त्याला पडलं. मूळ उद्देश युद्धसाहित्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी घरं बांधण्याचा. १९४५मध्ये त्यात परतलेल्या सैनिकांसाठी तरतूद जोडली गेली आणि रिकाम्या पडलेल्या बराकी व कामगार-घरं सुटी करून विद्यापीठांकडे न्यायला पैसा मिळाला. इथे सरकारचा व्यवहार सैनिकाशी नाही, विद्यापीठाशी होता: जागा, रस्ते, पाणी आणि वीज विद्यापीठाने पाहायची, इमारत सरकारने आणून उभी करायची. सैनिक तिथे भाडेकरू. म्हणजे एका कायद्याने दिलेल्या ९० डॉलरांतून दुसऱ्या कायद्याने आणलेल्या घराचं भाडं जायचं.

हे संसार कसे होते ते पाहण्यासारखं आहे. क्वॉन्सेटचं नेहमीचं माप २० बाय ४८ फूट. मधोमध आडभिंत घालून त्यात दोन कुटुंबं राहत, म्हणजे एकेकाला २० बाय २४. भिंतच वाकत वर जाऊन छत होते, त्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही आणि कडेच्या पट्टीत माणूस ताठ उभा राहू शकत नाही. अनेक ट्रेलरांत तर नळही नव्हता. आंघोळ आणि धुणं सामायिक जागेत. आयोवा राज्य विद्यापीठाच्या पॅमेल कोर्ट या वसाहतीत अशी सगळ्या प्रकारची घरं होती. या सैनिकांच्या बायकांनी बाळांचे लंगोट वाळवत, नवऱ्याची परीक्षा सांभाळत हे दिवस काढले, आणि या इतिहासात त्यांचं नाव फार कमी येतं याची मला खंत वाटते.

सगळीकडे घरंच विद्यापीठात आली असंही नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे विद्यार्थी बाराबू गावाजवळच्या दारूगोळा कारखान्याच्या बॅजर व्हिलेज या वसाहतीत राहत आणि सुमारे ३५ मैलांवरच्या मॅडिसनला, विद्यापीठात, बसने जात. स्टॅनफर्डने मेन्लो पार्कमधलं डिबल हे लष्करी रुग्णालयच वसतीसाठी घेतलं.

मुदतीतही फरक होता. जी. आय. बिलाचा लाभ सेवेच्या काळावर मोजला जाई, जास्तीत जास्त ४८ महिने. लॅनहॅमची घरं कागदोपत्री तात्पुरती, गरज सरली की पाडायची. पण विवाहित विद्यार्थी येतच राहिले, आणि पॅमेल कोर्ट पुढे कित्येक दशकं वापरात राहिलं.