अल्फोन्सो : गॉथ टोळ्यांकडून आलेलं एक नाव

‘फुन्स’ हा शब्द आज जगात कुणीही बोलत नाही. जुन्या जर्मन बोलीत त्याचा अर्थ होता तयार, उत्सुक, कंबर कसून उभा असलेला. ज्या भाषांनी तो वापरला त्या बदलल्या, आणि शब्दाचं ते रूप गळून गेलं. पण एका नावाच्या शेपटाला चिकटून तो दीड हजार वर्षं टिकला. ते नाव म्हणजे अल्फोन्सो.

स्पॅनिश वाटणारं हे नाव मुळात जर्मानिक आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चकित झालो होतो. जुन्या जर्मानिक टोळ्यांमध्ये दोन शब्द जोडून नाव घडवायची रीत होती. आपल्याकडच्या जयसिंह, वीरसेन, देवदत्त या नावांसारखीच. ‘अल्फोन्सो’चा दुसरा तुकडा फुन्स, यावर अभ्यासकांचं एकमत आहे. पहिल्या तुकड्यावर मात्र वाद आहे. कुणी म्हणतं तो ‘अडल’, म्हणजे कुलीन. कुणी म्हणतं ‘हथु’, म्हणजे लढाई. आणखी काही जण ‘अल’ म्हणजे सर्व, असं सुचवतात. मला यात एकच एक खरं मूळ शोधायची गरज वाटत नाही. दोन-तीन सारखी वाजणारी नावं लोकांच्या तोंडी घासत घासत एक झाली असणार. याच घराण्यातलं एक नाव वेगळं राहिलं, ते म्हणजे इल्देफोन्सो. त्यात ‘हिल्ड’ म्हणजे युद्ध, आणि पुढे तोच फुन्स. सातव्या शतकात टोलेडोला या नावाचे आर्चबिशप होऊन गेले. पुढे ते संत मानले गेले आणि २३ जानेवारीला त्यांचा सण येतो.

टोलेडो हे गाव या गोष्टीत महत्त्वाचं. रोमन साम्राज्य मोडकळीला आलं तेव्हा व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीने स्पेनमध्ये बस्तान बसवलं आणि पुढे टोलेडोला राजधानी केली. राज्यकर्ते गॉथ, प्रजा लॅटिनच्या बोली बोलणारी. गॉथिक भाषेत चौथ्या शतकात बायबलचं भाषांतर झालं होतं. त्याची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली एक प्रत आज स्वीडनमधल्या उप्साला इथे जपलेली आहे. पण स्पेनमध्ये ही भाषा फार काळ टिकली नाही. ५८९ साली गॉथ राजा रेकारेडच्या कारकिर्दीत राज्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. राजा आणि प्रजा यांच्यातली धर्माची भिंत गेली, आणि गॉथ हळूहळू स्थानिकांत मिसळून गेले. भाषा गेली, मागे राहिली ती नावं. रॉद्रिगो, फर्नांदो, गोन्सालो, एल्विरा ही आज अस्सल स्पॅनिश वाटणारी नावं गॉथांचीच.

७११ साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम फौजांनी टोलेडोचं राज्य संपवलं. उत्तरेच्या डोंगरात अस्तुरियास नावाचं एक छोटं ख्रिस्ती राज्य तगून राहिलं, आणि तिथे ७३९ साली गादीवर आला पहिला अल्फोन्सो. तो आधीच्या राजघराण्याचा मुलगा नव्हता, जावई होता. पण त्याच्यानंतर हे नाव त्या गादीला असं चिकटलं की हटेना. दुसऱ्या अल्फोन्सोच्या काळात संत याकोबची कबर सापडल्याची वार्ता पसरली आणि सांतियागोची यात्रा सुरू झाली. सहाव्याने १०८५ साली टोलेडो परत जिंकलं. गॉथांची जुनी राजधानी त्यांच्याच भाषेतलं नाव धारण करणाऱ्या राजाच्या हाती आली, तेव्हा तिथे ती भाषा समजणारा एकही माणूस उरला नव्हता.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो दहावा, १२५२ ते १२८४ कॅस्टिल या स्पेनमधल्या राज्याच्या गादीवर असलेला ‘शहाणा’ अल्फोन्सो. राजकारणात तो फारसा यशस्वी नव्हता. शेवटी पोटच्या मुलानेच त्याच्याविरुद्ध बंड केलं. पण त्याने ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम परंपरांतलं ज्ञान जाणणाऱ्या विद्वानांना कामाला लावलं, कायदा आणि इतिहास लॅटिनऐवजी लोकांच्या कॅस्टिलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिश, बोलीत लिहवून घेतला. ग्रहांच्या गतीची जी कोष्टकं त्याने करवून घेतली, त्यांची एक प्रत पुढे कोपर्निकसच्याही संग्रहात होती. बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्यांवरचा त्याचा सचित्र ग्रंथ १२८३ सालचा. त्याची सुरुवात भारतातल्या एका राजाच्या कथेने होते. चंद्रावरच्या एका विवरालाही त्याचं नाव आहे. १९६५ च्या मार्चमध्ये रेंजर ९ हे अमेरिकन यान फोटो पाठवत पाठवत त्याच विवरात जाऊन आदळलं.

पोर्तुगालचा तर जन्मच या नावाने झाला. पोर्तुगीजांच्या तोंडी मधला ‘ल’ गळाला आणि नाव झालं अफोन्सो. अफोन्सो हेन्रिक्सने ११३९ पासून स्वतःला राजा म्हणवून घेतलं, पोपने ११७९ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या गादीवर एकूण सहा अफोन्सो बसले. सहाव्याची कहाणी करुण आहे. लहानपणच्या आजाराने तो अधू झाला होता. १६६७ मध्ये सख्ख्या भावाने सत्ता हातात घेतली आणि त्याला नजरकैदेत टाकलं. शेवटची वर्षं त्याने सिंत्राच्या राजवाड्यातल्या एका खोलीत काढली. ती खोली आजही दाखवतात. येरझाऱ्या घालून घालून त्याने तिथली फरशी झिजवली असं सांगतात. त्याच्यानंतर पोर्तुगालच्या एकाही राजाने हे नाव घेतलं नाही.

आयबेरियाबाहेर, म्हणजे स्पेन-पोर्तुगालबाहेर, हे नाव गेलं ते नात्यागोत्यातून. कॅस्टिलच्या आठव्या अल्फोन्सोची मुलगी ब्लांश फ्रान्सची राणी झाली आणि तिने एका मुलाला वडिलांचं नाव ठेवलं. फ्रेंच उच्चारात तो झाला आल्फोंस. दुसरी वाट तलवारीची. अरागॉन या स्पेनमधल्याच दुसऱ्या राज्याच्या पाचव्या अल्फोन्सोने १४४२ मध्ये नेपल्स जिंकलं, दरबार तिथेच थाटला, आणि दक्षिण इटलीत हे नाव रुजलं. त्याच नेपल्सजवळ १६९६ साली अल्फोन्सो लिगुओरी जन्मला. हा हुशार वकील. १७२३ मध्ये एक मोठा खटला हरला आणि वकिली कायमची सोडून धर्मसेवेत गेला. १७३२ मध्ये त्याने रिडेम्प्टोरिस्ट संघ स्थापन केला, १८३९ मध्ये चर्चने त्याला संत घोषित केलं. १ ऑगस्टला त्याचा सण असतो. एकोणिसाव्या शतकात कॅथलिक घरांमध्ये हे नाव जगभर पसरलं त्यात या संताचा वाटा मोठा आहे. मूळचं जर्मानिक नाव जर्मनीतल्या घरांत ‘अल्फोन्स’ म्हणून पुन्हा शिरलं, तेही असं दक्षिणेचा वळसा घेऊन. नेपल्सच्या परिसरातून अमेरिकेत गेलेल्या एका कुटुंबाने १८९९ मध्ये ब्रुकलिनला जन्मलेल्या मुलाचं नाव अल्फोन्स ठेवलं. आडनाव कपोन. पुढे तो कुख्यात गुंड झाला, आणि जगाने त्याला अल् म्हणूनच ओळखलं.

फ्रान्समध्ये एकोणिसावं शतक या नावाच्या भरभराटीचं. कवी लामार्तिन आल्फोंस, कादंबरीकार दोदे आल्फोंस, शरीराच्या मापांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत बसवणारा पोलीस खात्यातला बेर्तियोंही आल्फोंसच. स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोंस द कांदोल यांनी पिकांच्या मूळ गावांचा शोध घेतला, त्यात आंब्याचाही विचार केला होता.

आणि मग या नावाला दृष्ट लागली. १८७३ साली पॅरिसच्या रंगभूमीवर धाकट्या अलेक्झांडर द्युमाचं ‘मस्यू आल्फोंस’ हे नाटक आलं. त्यातला आल्फोंस बायकांच्या जिवावर जगणारा, आपमतलबी माणूस. नाटक गाजलं आणि पात्राचं नाव बोलीत उतरलं. आल्फोंस म्हणजे बाईच्या कमाईवर जगणारा. ही शिवी फ्रान्सची वेस ओलांडून गेली. पोलिश आणि डॅनिश भाषांत ‘अल्फोन्स’ म्हणजे वेश्यांचा दलाल, रशियनमध्ये बाईच्या पैशावर मजा मारणारा पुरुष. फ्रेंचांना त्या अर्थाचा आता विसर पडलाय, पण या भाषांत तो अजून जिवंत आहे. राजांनी आणि संतांनी हजार वर्षांत कमावलेली पत एका नाटकाने अशी घालवली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे ‘नारदमुनी’, ‘कळीचा नारद’ म्हणून नारदाचं जे झालं, तसंच काहीसं. त्या भाषांतले आईबाप मुलाचं नाव ठेवताना इकडे वळायला कचरणार हे उघड आहे.

स्पेनमध्ये कारण वेगळं. तेरावा अल्फोन्सो १८८६ मध्ये जन्मतःच राजा होता, कारण वडील, म्हणजे बारावा अल्फोन्सो, आधीच वारले होते. १९३१ मध्ये तो देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक आलं. त्यानंतर स्पेनच्या गादीवर अल्फोन्सो बसलेला नाही. आज स्पेनमध्ये हे नाव ऐकू येतं ते जास्त करून वडीलधाऱ्यांच्या पिढीत. फ्रान्समध्ये ते पणजोबांचं नाव झालंय. स्वीडनने मात्र वेगळा रस्ता धरला. १९७२ पासून तिथल्या बालपुस्तकांचा एक लाडका नायक अल्फोन्स नावाचा मुलगा आहे, वडिलांबरोबर राहणारा, झोपायला कुरकुर करणारा. जर्मन अनुवादात तो विली झाला, नॉर्वेत आल्बर्ट. स्वीडिश मुलांना मात्र अल्फोन्स म्हटलं की तोच आठवतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे. १४५३ च्या सुमाराला जन्मलेला पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्क हा पोर्तुगालच्या पाचव्या अफोन्सो राजाच्या दरबारात वाढला. १५१० मध्ये त्याने आधी गोवा घेतलं, मे महिन्यात आदिलशाही फौजेपुढे ते सोडावं लागलं, आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी त्याच्या सैन्याने शहरातल्या मुस्लिम रहिवाशांची कत्तल केली, हे विसरून चालणार नाही. १६ डिसेंबर १५१५ रोजी गोव्याच्या समुद्रात, जहाजावरच तो मेला. त्याचा पुतळा पणजीत होता. आता तो जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

हापूस आंब्याचं नाव याच माणसावरून पडलं असं सर्रास मानलं जातं. मात्र हापूसचं कलम त्याने बांधलं, असं जे अधूनमधून वाचायला मिळतं, ते मला पटत नाही. पोर्तुगीजांच्या कलमांचं श्रेय ज्या जेझुइट पाद्र्यांना दिलं जातं, ते गोव्यात पोचले १५४२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. आंबा इथलाच. चांगल्या झाडाची फांदी रोपाला बांधून तीच जात पुढे चालवायचं तंत्र त्यांनी इथे रुजवलं. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल याचा भरवसा नसतो, तो कलमानेच पुढे जातो. गोव्यात अशाच कलमांना पोर्तुगीज नावं मिळाली. मानकुराद हे ‘मालकोरादा’वरून, म्हणजे रंग नीट न चढलेला. फर्नांदिन हे फर्नांदोवरून, म्हणजे तेही मूळचं गॉथांचं.

आडनावांचंही तेच. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याची किंवा पाद्र्याची आडनावं लोकांना मिळाली, आणि गोव्यापासून वसईपर्यंत ती घरोघरी राहिली. अफोन्सो हे आडनावही गोव्यात आहे. केरळात या नावाचं स्त्रीरूप पूज्य ठरलं. कोट्टायमजवळ १९१० साली जन्मलेल्या एका मुलीने मठात जाताना संत अल्फोन्सच्या नावावरून अल्फोन्सा हे नाव घेतलं. १९४६ मध्ये त्या वारल्या, आणि १२ ऑक्टोबर २००८ रोजी त्या चर्चने संत घोषित केलेल्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या.

आमच्याकडे देवगडहून पेटी आली की एका फळीवर ‘हापूस’ लिहिलेलं असायचं आणि दुसऱ्या फळीवर इंग्रजीत ‘अल्फान्सो’. आंबे काढून आढी घालताना आजी म्हणायची, ते इंग्रजी साहेबाचं, आपला तो हापूसच. लहानपणी मला वाटायचं की इंग्रजी नाव मूळचं आणि हापूस हा त्याचा बिघडलेला अवतार. तसं नाही. पोर्तुगीज उच्चार ऐका : सुरुवातीला अ, मध्ये ल नाही, शेवटचा ओ जवळजवळ उ सारखा. अफोंसु. त्याचं कोकणपट्टीत आफूस झालं, गुजरातेत हाफूस, आपल्याकडे हापूस. लिखित इंग्रजी रूपापेक्षा आपलं रूप त्या उच्चाराला जास्त जवळचं आहे.

पोर्तुगालमध्ये गेली काही वर्षं अफोन्सो हे नाव पुन्हा जोरात आहे. नवजात मुलांच्या सर्वांत आवडत्या दहा नावांत ते दिसतं. लिस्बनच्या एखाद्या बागेत आई मुलाला हाक मारते तेव्हा ती ऐकून मराठी माणसाला आंबाच आठवेल.

एक गोष्ट मात्र कुणी ठरवून केलेली नाही. इंग्लंडला गेलेल्या जर्मानिक टोळ्यांच्या बोलीत ‘फुन्स’मधला न कधीतरी गळाला, उकार लांबला, आणि जुन्या इंग्रजीत तो शब्द ‘फूस’ झाला. हजारएक वर्षांनी कोकणच्या किनाऱ्यावर अफोन्सोमधला न तसाच गळाला, स्वर तसाच लांबला, आणि आफूसच्या शेवटी पुन्हा ‘फूस’ आला.