वर्षाला साडेतीन मीटर

गरुड तारकासमूहाच्या दिशेला दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांभोवती पावणेआठ तासांत एक फेरी मारतात. १९७४ साली रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून त्यांतल्या एकाचे नियमित रेडिओ स्पंद सापडले. सेकंदाला सुमारे १७ ठोके देणारं हे घड्याळ. काही वर्षं ते ऐकल्यावर कळलं, की फेरीचा वेळ घटतोय: वर्षाला सेकंदाचा सुमारे ७६ दशलक्षांश भाग. म्हणजे कक्षा वर्षाला साडेतीन मीटरनं आक्रसते. कुठून तरी ऊर्जा निसटते आहे.

ती गुरुत्वीय लहरींतून, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांतून जाते, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांताचं उत्तर. आकडाही जुळत होता. पण आकडा जुळला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, आणि तेव्हाच्या शास्त्रज्ञांनी इतर शक्यता कसून तपासल्या.

सर्वांत दमदार शंका भरती-ओहोटीची होती. पृथ्वीवरच्या भरतीमुळे चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो; कक्षा बदलायला घर्षण पुरतं. स्पंद देणाऱ्या ताऱ्याचा जोडीदार तर कुणाला दिसलाच नव्हता. तो हेलियमचा तारा किंवा श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) असता, तर त्याच्या फुगवट्यांतल्या घर्षणानंही ऊर्जा खाल्ली असती. मात्र दोघांची वस्तुमानं मोजली, तेव्हा दोन्ही सूर्याच्या सुमारे १.४ पट निघाली. न्यूट्रॉन ताऱ्याला शोभणारा आकडा. जेमतेम वीसेक किलोमीटर व्यासाच्या त्या गोळ्यांत, लाखो किलोमीटर अंतरावरून, भरती येणार तरी किती?

तारे वस्तुमान गमावत असतील तर? मग पकड सैल होऊन कक्षा मोठी होते, फेरी लांबते. इथं उलटंच दिसतंय. आसपास तिसरा तारा लपला असेल, तर त्याच्या ओढीनं फेरीचा वेळ नुसताच घटल्यासारखा भासू शकतो. पण ती ओढ काळाप्रमाणे बदलायला हवी, आणि ती नेमकी आइन्स्टाइनच्या आकड्याइतकीच निघावी हा योगायोग मला तरी पचत नाही.

काही पर्यायी सिद्धांत गुरुत्वाच्या आणखी एका प्रकारच्या लहरी सांगतात. दोन जोडीदार अगदी भिन्न असतील तर त्या अधिक जोरात सुटाव्यात. म्हणून न्यूट्रॉन तारा आणि श्वेत बटू अशा जोड्या तपासल्या गेल्या. जादा गळती सापडली नाही.

तरीही हल्स-टेलर जोडीच्या हिशेबात सुमारे एक टक्का जास्त होत होता. तो चोर घरचाच निघाला. आपण आणि ती जोडी, दोघंही आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो, पण वेगवेगळ्या त्वरणानं. त्यामुळे मोजलेला वेळ किंचित बिघडतो. १९९१ साली थिबो दामूर आणि टेलर यांनी ही दुरुस्ती केली. पुढच्या मोजमापांत ताळा ०.२ टक्क्यांपर्यंत बसला. २००३ साली सापडलेल्या दुहेरी पल्सारनं, म्हणजे दोन्ही तारे स्पंद देतात अशा जोडीनं, तर हीच परीक्षा ०.०१३ टक्क्यांपर्यंत नेली.

गंमत अशी, की हल्स-टेलर जोडीची परीक्षा आणखी बारीक करायला घड्याळ आड येत नाही. आड येतं ते अंतर: जोडी आपल्यापासून नेमकी किती दूर आहे हे काटेकोर कळल्याशिवाय आकाशगंगेची ती दुरुस्तीही काटेकोर होत नाही.